नोकरी गेल्यानंतरचा ईएसआय भत्ता : दावा कुठे अडतो आणि तो कसा सोडवावा

कारखान्यातील किंवा दुकानातील नोकरी गेल्यावर भविष्य निर्वाह निधीतील पैसे काढता येतात, हे बहुतेक कामगारांना ठाऊक असते. परंतु ज्यांच्या पगारातून ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, कपात होत होती, त्यांना कर्मचारी राज्य विमा महामंडळाकडून बेरोजगारीच्या काळासाठी रोख साहाय्यही मिळू शकते, याची कल्पना फार थोड्यांना असते. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना ही ती तरतूद होय. 1 जुलै 2018 रोजी ती सुरू झाली, तेव्हा सरासरी दैनंदिन वेतनाच्या 25 टक्के रक्कम मिळत असे आणि दावा करण्यासाठी नोकरी सुटल्यापासून 90 दिवस थांबावे लागत असे. कोरोनाच्या टाळेबंदीच्या काळात, म्हणजे 24 मार्च 2020 पासून, साहाय्य 50 टक्के करण्यात आले, प्रतीक्षा 30 दिवसांवर आली आणि दावा मालकामार्फत न पाठवता थेट शाखा कार्यालयाकडे करण्याची मुभा मिळाली. साहाय्य जास्तीत जास्त 90 दिवसांचे असते आणि ते आयुष्यात एकदाच मिळते. योजनेची मुदत ठरावीक काळापुरती असून ती वेळोवेळी वाढवण्यात आली आहे, त्यामुळे अर्ज भरण्यापूर्वी महामंडळाच्या संकेतस्थळावरील चालू परिपत्रक पाहून घ्यावे.

दावा रखडला की कामगाराचा राग साहजिकच शाखा कार्यालयातील कारकुनावर निघतो. कार्यालयात दिरंगाई होत नाही असे मुळीच नाही. मात्र अडलेल्या दाव्यांमागची कारणे तपासली, तर बरीचशी अडचण दावा दाखल होण्याच्या आधीच, मालकाने भरलेल्या किंवा न भरलेल्या नोंदींमध्ये तयार झालेली असते. म्हणून या लेखात दावा भरण्याच्या कृतीपेक्षा त्याआधीच्या तपासणीला अधिक जागा दिली आहे.

आधी आपली नोंद पाहा

महामंडळाच्या संकेतस्थळावर विमाधारकासाठी स्वतंत्र लॉगिन आहे. दहा अंकी विमा क्रमांक आणि नोंदवलेला मोबाइल क्रमांक असला की तेथे आपल्या नावावर कोणत्या महिन्यात किती दिवसांची हजेरी, किती वेतन आणि किती अंशदान (विम्यासाठी कामगार व मालक भरतात तो वाटा) जमा झाले, हे पाहता येते. जुना मोबाइल क्रमांक बंद झाला असेल, तर तो बदलून घेणे हे पहिले काम, कारण पुढचे सर्व ओटीपी त्यावरच येतात. ही नोंद छापून घ्यावी आणि पगाराच्या स्लिपांशी महिनावार ताडून पाहावी.

पात्रतेचा हिशेब अंशदान कालावधीवर चालतो. वर्षात असे दोन कालावधी असतात : 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. बेरोजगार होण्यापूर्वी किमान दोन वर्षे विमापात्र, म्हणजे ईएसआयखाली येणारी, नोकरी असावी, बेरोजगारीच्या लगतपूर्वीच्या कालावधीत किमान 78 दिवसांचे अंशदान असावे आणि दोन वर्षांतील उरलेल्या तीन कालावधींपैकी कोणत्याही एकात पुन्हा किमान 78 दिवसांचे असावे, अशी अट आहे. समजा, नोकरी 10 जून 2025 रोजी गेली. मग ऑक्टोबर 2024 ते मार्च 2025 या सहामाहीत 78 दिवस भरले पाहिजेत आणि एप्रिल 2023 ते सप्टेंबर 2024 मधील तीन सहामाहींपैकी एकीत तितकेच दिवस हवेत.

रकमेचा हिशेब मात्र चारही कालावधींतील एकूण वेतनाला 730 ने भागून होतो, आणि येथेच न भरलेले महिने कामगाराला नकळत महागात पडतात. दरमहा 18,000 रुपये वेतन असलेल्या कामगाराचे 24 महिन्यांचे वेतन 4,32,000 रुपये होते. त्याला 730 ने भागल्यास दिवसाला सुमारे 592 रुपये येतात, त्याचे निम्मे 296 आणि 90 दिवसांचे जवळपास 26,630 रुपये. त्याच कामगाराच्या नावे ठेकेदाराने फक्त 18 महिन्यांची नोंद केलेली असेल, तर भाजक 730 च राहतो आणि रक्कम 19,970 रुपयांच्या आसपास उतरते. दावा मंजूर होतो, पण साडेसहा हजारांहून अधिक कमी मिळतात, आणि कोणी हिशेब मागितला नाही तर ही तफावत कधीच उघडकीस येत नाही.

आणखी एक बाब. ईएसआयची वेतनमर्यादा 1 जानेवारी 2017 पासून महिना 21,000 रुपये, तर दिव्यांग कामगारांसाठी 25,000 रुपये ठरलेली आहे. पगारवाढीमुळे ही मर्यादा ओलांडली, तरी चालू अंशदान कालावधी संपेपर्यंत कपात सुरू राहते आणि त्यानंतर कामगार योजनेबाहेर जातो. असे बाहेर गेल्यानंतर नोकरी सुटली, तर जुन्या अंशदानावर हा दावा उभा राहणे कठीण असते.

नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण

अडलेल्या दाव्यांचे हे सर्वात मोठे मूळ आहे. मालक दर महिन्याचे अंशदान पुढील महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरतो आणि ते भरताना ज्या कामगाराचे दिवस शून्य आहेत, त्याच्यासमोर एक कारण निवडतो. ही कारणे ठरलेली आहेत : 'ऑन लीव्ह', 'लेफ्ट सर्व्हिस', 'रिटायर्ड', 'रिट्रेंचमेंट' (कामगार कपात), 'नो वर्क' इत्यादी. 'लेफ्ट सर्व्हिस' किंवा 'रिट्रेंचमेंट' निवडले, तर शेवटचा कामाचा दिवसही लिहावा लागतो. घाईत असलेला लेखापाल 'नो वर्क' किंवा 'ऑन लीव्ह' निवडून मोकळा होतो. त्याचा परिणाम असा होतो की कामगार घरी बसलेला असतो आणि महामंडळाच्या संगणकात तो अजून त्या कारखान्याचा चालू कर्मचारी असतो. अशा माणसाचा बेरोजगारीचा दावा अधिकाऱ्याने मंजूर करावा तरी कसा?

या वेळापत्रकातून एक व्यावहारिक सूचना निघते. नोकरी 3 जूनला गेली, तर 30 दिवस जुलैच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण होतात; परंतु मालक जूनचे अंशदान 15 जुलैपर्यंत भरणार, म्हणजे शेवटच्या दिवसाची नोंद तोवर दिसेलच असे नाही. 30 दिवस झाले म्हणून लगेच दावा दाखल करून तो नोंद नाही या कारणाने परत येण्यापेक्षा, नोकरी गेल्याच्या आठवड्यातच मालकाला लेखी कळवून नोंद करून घेणे आणि ती लॉगिनमध्ये दिसल्यावर दावा भरणे अधिक शहाणपणाचे ठरते. 30 दिवस पूर्ण होण्याआधी भरलेला दावा तर टिकतच नाही, कारण पुढच्या तारखांसाठी साहाय्य मागता येत नाही.

मालकाला पाठवायचे पत्र लहान आणि नेमके असावे. त्यात आपले नाव, विमा क्रमांक, शेवटचा कामाचा दिवस आणि पुढील मजकूर पुरेसा आहे : "दिनांक अमुकपासून आपण माझी सेवा बंद केलेली आहे. कृपया ईएसआयच्या मासिक अंशदानात माझा शेवटचा कामाचा दिवस व सेवा बंद होण्याचे खरे कारण नोंदवावे आणि तसे मला सात दिवसांत लेखी कळवावे." पत्र ई-मेलने पाठवावे आणि शिवाय स्पीड पोस्टनेही पाठवून पोच जपून ठेवावी. फोनवरचे 'करून टाकतो' हे आश्वासन पुढे कोणाला दाखवता येत नाही.

कारणाचा प्रश्न तारखेपेक्षा नाजूक आहे. गैरवर्तनाची शिक्षा म्हणून काढले असेल, निवृत्तीचे वय झाले असेल किंवा स्वेच्छानिवृत्ती घेतली असेल, तर हे साहाय्य मिळत नाही. म्हणूनच कामगार कमी करताना हिशेबाच्या कागदांबरोबर 'मी स्वखुशीने राजीनामा देत आहे' अशा छापील कागदावर सही घेण्याची जी पद्धत अनेक ठिकाणी दिसते, तिच्याबाबत सावध राहावे. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढावे आणि मजकूर खोटा असल्यास सही नाकारावी किंवा सहीखाली 'कंपनीने काम बंद केल्यामुळे' असे स्वतःच्या अक्षरात लिहावे. सही होऊन गेली असेल, तर त्या काळातील एचआरचे ई-मेल, व्हॉट्सअ‍ॅपवरील सूचना, त्याच आठवड्यात कमी झालेल्या अन्य कामगारांची निवेदने, गेटवर लावलेली नोटीस असा पुरावा गोळा करावा आणि दाव्यासोबत एक पानी खुलासा द्यावा. खुलाशात खरे तेच लिहावे. खोटे निवेदन देऊन लाभ घेणे हा गुन्हा आहे, आणि त्यासाठी शिक्षा झालेला विमाधारक या योजनेला कायमचा मुकतो.

एका माणसाचे दोन विमा क्रमांक

चाकण, वाळूज, सातपूर, बुटीबोरी, तळोजा अशा औद्योगिक वसाहतींतील ठेकेदारी कामगारांमध्ये ही अडचण घरोघरी आहे. दर वर्षी ठेकेदार बदलतो, नवा ठेकेदार जुना क्रमांक विचारण्याच्या भानगडीत न पडता नवीन क्रमांक काढतो, आणि एकाच माणसाची दोन वर्षांची कमाई दोन-तीन क्रमांकांत विखुरते. प्रत्येक क्रमांक स्वतंत्रपणे पाहिला, तर दोन वर्षांची अट कोणातच पूर्ण होत नाही.

उपाय असा की सर्व क्रमांक, त्या-त्या ठेकेदाराचे नाव, कामाच्या तारखा आणि आधारची प्रत जोडून शाखा कार्यालयात क्रमांक एकत्र करण्याचा अर्ज द्यावा. हे काम दाव्याच्या आधी करावे. दावा दाखल झाल्यावर ते काढले, तर दावा पुढे सरकत नाही आणि एकत्रीकरणही अर्धवट राहते. जुने क्रमांक आठवत नसतील, तर पगाराच्या स्लिपांवर ते सापडतात. तेही नसतील, तर मूळ कंपनीच्या कार्यालयाकडून ठेकेदारांची नावे मिळवावीत. येथे हेही लक्षात ठेवावे की एकाच वेळी दोन मालकांकडे विमापात्र काम असेल, तर दोन्ही ठिकाणचे काम सुटल्यावरच बेरोजगार मानले जाते; म्हणून ज्या जुन्या क्रमांकावर नोकरी सोडल्याची नोंद झालेली नाही, तो आडवा येऊ शकतो.

नाव, आधार आणि बँक

विमा नोंदीतील नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळली पाहिजे. लग्नानंतर बदललेले आडनाव, वडिलांचे नाव मधोमध आहे की नाही, स्पेलिंगमधील एखादे अक्षर यांवरून पडताळणी अडते. दुरुस्ती मालकाच्या लॉगिनमधून किंवा शाखा कार्यालयातील अर्जाने होते. मालकाशी संबंध बिघडलेले असतील, तर दुसरा मार्गच धरावा.

बँकेच्या बाबतीत दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली आयएफएससी, म्हणजे बँक शाखेचा संकेतांक. देना बँक आणि विजया बँक 1 एप्रिल 2019 पासून बँक ऑफ बडोदात, तर सिंडिकेट बँक 2020 मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. नोंदणीच्या वेळी दिलेला जुना संकेतांक तसाच राहिला असल्यास मंजूर रक्कमही परत जाते. दुसरी, पगार खाते. नोकरी सुटल्यावर त्यात व्यवहार झाला नाही तर दोन वर्षांनी ते निष्क्रिय होते. नियमित वापरातील, स्वतःच्या एकट्याच्या नावावरील खाते द्यावे आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची स्पष्ट प्रत जोडावी.

कोणत्या योजनेत बसता, हेही पाहून घ्या

कारखाना कायमचा बंद झाला असेल किंवा रीतसर कामगार कपात झाली असेल, तर घाई करू नये. महामंडळाचीच राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 1 एप्रिल 2005 पासून आहे आणि कारखाना बंद होणे, कामगार कपात किंवा कामाशी संबंध नसलेल्या कारणाने आलेले किमान 40 टक्के कायमचे अपंगत्व या तीन परिस्थितींत ती लागू होते. तिच्यात पहिले 12 महिने वेतनाच्या 50 टक्के आणि पुढील 12 महिने 25 टक्के भत्ता मिळू शकतो. नव्वद दिवस आणि चोवीस महिने यांतील फरक इतका मोठा आहे की बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगारांनी शाखा व्यवस्थापकाला हा प्रश्न लेखी विचारल्याशिवाय अटल योजनेचा अर्ज भरूच नये. एकाच काळासाठी दोन्ही घेता येत नाहीत. व्यवस्थापनाने बंदची किंवा कपातीची नोटीस दिली आहे का आणि कोणत्या तारखेची, याची प्रत युनियनकडे किंवा कामगार आयुक्त कार्यालयात मिळते.

दावा भरणे

नोंद दुरुस्त झाली असेल, तर हा भाग सोपा आहे. विमाधारकाच्या लॉगिनमधून या योजनेचा दावा निवडावा, बेरोजगारीची तारीख मालकाने नोंदवलेल्या तारखेशी जुळवून लिहावी, आणि आधार व बँकेची कागदपत्रे तेथेच अपलोड करावीत. 2020 च्या नोव्हेंबरपासून प्रतिज्ञापत्राची अट काढण्यात आली असून, कागदपत्रे अपलोड केलेली असल्यास छापील प्रत कार्यालयात देण्याची गरज नाही. अपलोड झाली नसतील, तर छापील दाव्यावर सही करून कागदांसह तो शाखेत द्यावा लागतो. व्यवहारात मात्र, अपलोड केले असले तरीही, सही केलेला एक संच शाखेच्या आवक खिडकीवर देऊन आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख घेणे चांगले. दावा क्रमांक दिसणाऱ्या पडद्याचे छायाचित्रही जपावे. पुढील सर्व तक्रारींत हाच क्रमांक आणि हीच तारीख लागते. दलालाला ओटीपी सांगू नये. या दाव्याला शुल्क नाही.

दावा लांबवूही नये. नोकरी गेल्यापासून वर्षाच्या आत तो दाखल झालाच पाहिजे असे धरून चालावे, कारण ईएसआयच्या लाभांबाबत न्यायालयात दाद मागताना बारा महिन्यांच्या आत मागणी केली होती का, हा प्रश्न आधी विचारला जातो.

मुदत उलटली तर

असे दावे 15 दिवसांत निकाली काढण्याचे धोरण महामंडळाने 2020 मध्ये जाहीर केले होते. दोन आठवडे शांत राहावे, तिसऱ्या आठवड्यात शाखेत जाऊन एकच प्रश्न विचारावा : दावा नेमका कोणत्या कारणासाठी थांबला आहे? मालकाकडून खात्री यायची आहे, नोंद जुळत नाही, की मंजुरी होऊन पैसे परत आले आहेत, यांपैकी प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि 'प्रोसेसमध्ये आहे' हे उत्तर यांपैकी काहीच सांगत नाही. तोंडी उत्तर मिळाल्यास त्याच दिवशी शाखा व्यवस्थापकाच्या नावे छोटे पत्र द्यावे : "आज मला असे सांगण्यात आले की अमुक कारणामुळे दावा प्रलंबित आहे. त्याबाबत माझ्याकडून काही हवे असल्यास लेखी कळवावे." या पत्राने कारण कागदावर येते. दावा नाकारला असेल, तर नकाराचे कारण लेखीच मागावे.

मालक खात्री देत नसल्यामुळे दावा अडला असेल, तर कामगाराने मालकाच्या दारात खेटे घालण्याची गरज नाही. शेवटची पगार स्लिप, बँकेचे विवरण, नोकरीवरून काढल्याचे पत्र किंवा ई-मेल, भविष्य निर्वाह निधीच्या नोंदीतील नोकरी सोडल्याची तारीख हे सर्व जोडून, कार्यालयाने स्वतः मालकाकडून खुलासा घ्यावा, अशी विनंती करावी. मालकांकडून नोंदी मागवण्याचा अधिकार महामंडळाला आहे.

शाखेत दाद लागली नाही तर पुढची पायरी प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक कार्यालयाची. मुंबईसाठी ते लोअर परळला पंचदीप भवनात, तर पुण्यासाठी बिबवेवाडीत आहे. गोव्याचे प्रादेशिक कार्यालय वेगळे आहे. विमाधारकांच्या तक्रारींसाठी 'सुविधा समागम' नावाची ठरावीक दिवसाची बैठकही घेतली जाते. तिचा दिवस शाखेतील फलकावर पाहून मूळ कागदांसह हजर राहावे. 1800-11-2526 हा महामंडळाचा निःशुल्क क्रमांक आहे. त्यावर तक्रार नोंदवल्यास तिचा क्रमांक लिहून घ्यावा.

त्यानंतर केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार संकेतस्थळावर कामगार व रोजगार मंत्रालयाच्या नावे तक्रार करता येते. 2024 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार अशी तक्रार 21 दिवसांत निकाली काढायची असते, आणि उत्तर असमाधानकारक वाटल्यास तेथेच अपील करता येते. तक्रारीत कैफियत लांबवू नये : विमा क्रमांक, दाव्याची तारीख, शाखेला दिलेल्या पत्रांच्या तारखा आणि 'मंजूर करावा किंवा कारणासह लेखी नकार द्यावा' ही एक मागणी पुरे.

माहितीचा अधिकार हा पैसे मिळवण्याचा मार्ग नव्हे, पण अडलेली फाइल कोणाच्या टेबलावर आहे हे दाखवण्यास त्याच्यासारखे साधन नाही. महामंडळ केंद्र सरकारच्या अखत्यारीत असल्यामुळे अर्ज केंद्राच्या आरटीआय संकेतस्थळावर करावा. दुसरे अपीलही केंद्रीय माहिती आयोगाकडे जाते, राज्य आयोगाकडे नव्हे, आणि अनेकांचे अर्ज याच चुकीने वाया जातात. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. लेखी अर्ज मराठीतही करता येतो, कारण त्या-त्या प्रदेशाची राजभाषा कायद्याने मान्य केलेली आहे. दाव्यावर झालेल्या टिपणीची प्रत, मालकाला पाठवलेल्या पत्राची प्रत, आणि दावा कोणत्या तारखेपासून कोणत्या अधिकाऱ्याकडे आहे, एवढेच मागावे. 'का उशीर केला' असा प्रश्न विचारला, तर ती माहिती नव्हे म्हणून उत्तर टाळता येते.

पगारातून कापले, पण भरलेच नाही

कामगाराचा वाटा 0.75 टक्के आणि मालकाचा 3.25 टक्के, असे दर 1 जुलै 2019 पासून आहेत. कामगाराचा वाटा कापून तो न भरणे हा गुन्हा आहे. या योजनेची अट 'अंशदान भरलेले किंवा देय असलेले' अशी आहे, म्हणजे मालकाच्या थकबाकीमुळे कामगाराचा हक्क आपोआप बुडत नाही. मात्र आपण नोकरीत होतो आणि वेतन मिळत होते, हे दाखवावे लागते. कपात दाखवणारी एक पगार स्लिप येथे दहा तोंडी साक्षींपेक्षा जास्त उपयोगी पडते. प्रादेशिक कार्यालयाकडे लेखी तक्रार केल्यास सामाजिक सुरक्षा अधिकारी कारखान्याचे दप्तर तपासू शकतात. ही तपासणी वेळ घेते, म्हणून ज्या महिन्यांची नोंद आहे त्यांवर पात्रता होत असेल, तर दावा दाखल करून उरलेल्या महिन्यांसाठी फरकाची मागणी राखून ठेवावी आणि तसे दाव्यासोबतच्या पत्रात लिहावे. वाद तरीही मिटला नाही, तर कर्मचारी विमा न्यायालयाकडे जाता येते. तेथपर्यंत जाण्यापूर्वी युनियनचा किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या मोफत वकिलाचा सल्ला घ्यावा. 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाल्यामुळे जुन्या कायद्यातील कलमांचे क्रमांक बदलले आहेत. अर्जात कलम लिहायचेच असेल, तर ते वकिलाकडून तपासून घ्यावे.

साहाय्य मिळत असलेल्या काळात ईएसआय दवाखान्यातील उपचार चालू राहतात, म्हणून ओळखपत्र परत करू नये. दावा प्रलंबित असताना नवे काम मिळाले, तर रुजू झाल्याची तारीख शाखेला कळवावी. त्या तारखेपर्यंतच्या दिवसांची मागणी टिकते, त्यानंतरच्या दिवसांची टिकत नाही. नव्या मालकाला मात्र पहिल्याच दिवशी जुना विमा क्रमांक लेखी द्यावा आणि महिन्याभराने लॉगिनमध्ये त्याच क्रमांकावर त्याने अंशदान भरले आहे की नवा क्रमांक काढला आहे, हे पाहून घ्यावे.